मांडी ऐकत नाही तेव्हा

शस्त्रक्रियेनंतरचा दुसरा दिवस. फिजिओथेरपिस्ट खाटेपाशी येतात, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी सरकवतात आणि म्हणतात, "मांडी आवळ. टॉवेल खाली दाब." खाटेवर सतरा वर्षांचा कबड्डीपटू आहे. महिन्याभरापूर्वी तो शंभर-शंभर बैठका सहज मारत होता. आता तो दातओठ खातो, मुठी वळतो, मानेच्या शिरा ताणतो. मांडी ढिम्म. "आवळतोय की सर, होतच नाही," तो रडकुंडीला येऊन म्हणतो. सोबत बसलेल्या मामांना वाटतं, पोरगं घाबरलंय, जोर लावत नाही.

पोरगं खरं बोलतंय. आणि तो जे सांगतोय ते मानवी शरीरातल्या फार विलक्षण गोष्टींपैकी एक आहे. त्याचा स्नायू शाबूत आहे, स्नायूकडे जाणारी नस शाबूत आहे, मेंदूला काही झालेलं नाही. तरी हुकूम पोचत नाही.

१९८४ साली काही संशोधकांनी अगदी निरोगी गुडघ्यांत सुईने थोडं थोडं सलाईन सोडून पाहिलं. ना दुखापत, ना चिरफाड. वीस-तीस मिलीलीटर पाणी गेलं, म्हणजे चहाचे चार-सहा चमचे, आणि मांडीच्या आतल्या बाजूचा स्नायू गप्प व्हायला लागला. पन्नास-साठ मिलीलीटरला पुढचे बाकीचे स्नायूही मंदावले. सांध्यात सूज भरली की तिथल्या तंतूंकडून मज्जारज्जूला निरोप जातो आणि मज्जारज्जू मेंदूला न विचारताच मांडीचा पुरवठा तोडून टाकतो. सुजलेल्या सांध्यावर जोर पडू नये म्हणून केलेली ही सोय. सूज ओसरली तरी ही बंदी लगेच उठत नाही, कधी कधी महिनोन् महिने रेंगाळते. चांगल्या पायाची मांडीही थोडी मंदावते, हे तर आणखी नवल. गुडघा एक दुखावला आणि तक्रार दोन्ही पायांची!

म्हणून गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर 'मनाचा सराव' म्हटलं की मला भिंतीवरची सुविचारांची पोस्टरं आठवत नाहीत. मला ती न हलणारी मांडी आठवते. मन आणि गुडघा हे दोन विषय नाहीतच, ते एकाच तारेची दोन टोकं आहेत, आणि तार मधेच ढिली झाली आहे.

तुटलेलं असतं काय, ते आधी पाहू. 'लिगामेंट गेलं' असं आपल्याकडे सरसकट म्हणतात, ते बहुतेक वेळा एसीएल असतं. मांडीचं हाड आणि नडगी यांना गुडघ्याच्या आत तिरकं बांधून ठेवणारा हा पट्टा जेमतेम तीन-साडेतीन सेंटिमीटर लांब आणि बोटाइतका रुंद. तरुण माणसात तो दोन हजार न्यूटनच्या आसपास ताण सोसतो, म्हणजे दोनशे किलोहून जास्त वजन. पण ही त्याची अर्धीच ओळख झाली. या पट्ट्यात संवेदना टिपणारी सूक्ष्म टोकं असतात. गुडघा किती वाकलाय, किती पिळलाय, कुठल्या वेगाने चाललाय, याची बातमी ती क्षणाक्षणाला वर धाडत असतात. हिंगोलीकरांना याची कल्पना द्यायला लांब जायला नको. जिल्ह्यातल्या औंढा नागनाथ तालुक्यात लायगो-इंडियाची गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहते आहे. तिच्या चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा प्रोटॉनच्या रुंदीच्या दहा हजाराव्या हिश्शाइतका लांबीतला फरक ओळखू शकतील, अशा बेताने ती बांधायची आहे. एसीएलची नजर इतकी बारीक नाही, पण जात तीच: ताणातला फरक ओळखायचा आणि वर कळवायचा. आणि आपण चालताना, धावताना त्याची दखलही घेत नाही.

पट्टा तुटला की बातमी धाडणारं हे केंद्रही बंद पडतं. सर्जन मांडीच्या मागचा किंवा वाटीखालचा कंडरा घेऊन दुर्बिणीतून नवा पट्टा, म्हणजे ग्राफ्ट, बसवतात. बांधण्याचं काम तो लगेच करू लागतो. बातमी धाडण्याचं काम मात्र त्याला येत नाही. तिथे नवे तंतू आले तरी हळूहळू येतात, आणि अपुरे. मग मेंदू काय करतो? तो डोळ्यांकडून काम करवून घेतो. अमेरिकेत डस्टिन ग्रूम्स आणि सहकाऱ्यांनी एसीएलची शस्त्रक्रिया झालेल्या माणसांना स्कॅनरमध्ये झोपवून नुसता गुडघा वाकवायला-सरळ करायला लावला. निरोगी माणसांच्या तुलनेत त्यांच्या मेंदूतला दृष्टीशी संबंधित भाग जास्त पेटलेला दिसला. पाय हलवायचा आणि खर्च डोळ्यांच्या खात्यावर पडायचा!

आता हे कबड्डीच्या मैदानावर आणून पाहा. चढाईला गेलेल्या पोरासमोर सात जण आहेत. डाव्या कोपऱ्यातला घोट्यावर टपलाय, मधली साखळी दबा धरून आहे, बोनस रेषेपाशी पाय टाकायचाय आणि सुटून मध्यरेषा गाठायचीय. डोळे सगळे तिकडे हवेत. पण त्याच्या मेंदूने डोळ्यांचा एक हिस्सा स्वतःच्या गुडघ्यावर पहाऱ्याला बसवला आहे. फिजिओकडच्या शांत खोलीत एका पायावर सुरेख तोल सांभाळणारा हाच मुलगा मैदानात गडबडतो, याचं कारण इथे आहे. तो म्हणतो, "पाय ठीक आहे, पण भरवसा वाटत नाही." आपण त्याला भित्रा ठरवून मोकळे होतो. वास्तविक तो आपल्या मेंदूतली स्थिती कुठल्याही यंत्रापेक्षा नेमकी सांगत असतो.

दुसरी एक गोष्ट कळल्यावर तर मी थक्क झालो. सामन्यांच्या चित्रफितींवरून हिशेब मांडला गेलाय की जमिनीला पाऊल टेकल्यापासून साधारण चाळीस मिलिसेकंदांत एसीएल तुटून जातं. सेकंदाचा पंचविसावा भाग. इतक्या वेळात 'अरे, पाय चुकीचा पडतोय' हे मेंदूला कळून उपाय होणं शक्यच नाही. गुडघा वाचतो तो पाऊल टेकायच्या आधी स्नायू आवळून तयार असतील तरच. म्हणजे सगळा खेळ अंदाजाचा, पुढचं आधी ओळखण्याचा. २००७ साली डेलावेअर विद्यापीठातल्या चार्ल्स स्वानिक यांच्या चमूने ८० खेळाडूंच्या जुन्या नोंदी काढल्या. या सगळ्यांचं एसीएल कुणाचा धक्का न लागता तुटलं होतं. हंगामाच्या आधी, गुडघे धडधाकट असताना, त्यांच्या प्रतिसादाचा वेग आणि लक्ष यांच्या संगणकावर चाचण्या झाल्या होत्या. त्याच तोडीच्या दुखापत न झालेल्या ८० खेळाडूंपेक्षा हे खेळाडू त्या चाचण्यांत मागे होते. गुडघ्याच्या दुखापतीची थोडीशी चाहूल गुडघ्याच्या बाहेर, डोक्यात लागली होती.

मग डोक्यातूनच काही दुरुस्तीही करता येईल का?

फ्रान्समध्ये १९८९ साली जाँ देसेती आणि सहकाऱ्यांनी लोकांना ठरावीक अंतर चालायला लावलं आणि नंतर तेच अंतर डोळे मिटून मनात चालायला सांगितलं. दोन्हीला वेळ जवळजवळ सारखाच लागला. पाठीवर ओझं दिलं, तर मनातल्या चालीला जास्त वेळ लागायला लागला. कल्पनेतली चाल म्हणजे पडद्यावरचा सिनेमा नव्हे. चालण्याची यंत्रणा मेंदूत खरोखरच सुरू होते, फक्त शेवटचा हुकूम स्नायूपर्यंत सोडला जात नाही. १९९२ मध्ये ग्वांग यू आणि केली कोल यांनी काही जणांकडून चार आठवडे करंगळी बाजूला ढकलण्याचा व्यायाम नुसत्या मनात करवून घेतला. बोट तसूभर हललं नाही, पण ताकद २२ टक्क्यांनी वाढली. खरा व्यायाम करणाऱ्यांची वाढली ३० टक्क्यांनी. २०१४ मध्ये ओहायो विद्यापीठातल्या प्रयोगात निरोगी माणसांचं मनगट चार आठवडे प्लास्टरमध्ये बांधून ठेवलं. प्लास्टर काढलं तेव्हा नुसते बसून राहिलेल्यांची ताकद ४५ टक्के घटलेली होती. ज्यांनी नियमितपणे मनातल्या मनात मनगट आवळलं, त्यांची घट होती साधारण २४ टक्के.

एसीएलवर थेट असा अभ्यास २००१ सालचा आहे, डेबोरा क्युपल आणि ब्रिटन ब्रूअर यांचा. माणसं तीसच. काहींना नेहमीच्या फिजिओथेरपीसोबत शरीर सैल सोडणं आणि मार्गदर्शनाखाली कल्पनाचित्र उभं करणं, अशी दहा सत्रं दिली. चोवीस आठवड्यांनी त्यांच्या गुडघ्यात जास्त बळ होतं, दुखणं कमी होतं आणि पुन्हा लागेल ही धास्तीही कमी होती. तीस माणसांवरून आभाळाला हात लावू नये. मनातल्या सरावाने ग्राफ्ट लवकर हाडात रुजतो, असं कुणी सांगू लागलं तर त्याला नमस्कार करून पुढे जावं. रुजण्याला लागणारा वेळ लागतोच. पण मांडीवरची ती बंदी उठवायला आणि डोळ्यांचा पहारा सैल करायला हा मार्ग उपयोगाचा दिसतो, आणि त्याला यंत्र लागत नाही, पैसा लागत नाही. हिंगोलीसारख्या जिल्ह्यात याचं मोल फार. सरकारी वैद्यकीय महाविद्यालय इथे २०२४ मध्ये सुरू झालं. लिगामेंटच्या शस्त्रक्रियेला मात्र लोक नांदेड, संभाजीनगर नाहीतर मुंबई गाठत आले आहेत. तिथून टाके काढून परत आलेला मुलगा पुढचे कित्येक महिने घराच्या ओसरीवर असतो.

तेव्हा ओसरीवरचाच सराव पाहू. फेब्रुवारी-मार्चचे दिवस आहेत असं धरा. वसमतकडच्या घराघरांत हळद काढायची, शिजवायची, वाळत घालायची धांदल आहे. घरचे सगळे राबतायत आणि पोरगा पाय लांब करून खाटेवर. येणारा-जाणारा विचारतो, "काय रे, कधी उठतोस?" या प्रश्नाने गुडघ्यापेक्षा जास्त दुखतं. तर अशा वेळी त्याने बूट घालावेत, शक्य असेल तर संघाची जर्सीही घालावी. पाच-सहा संथ श्वास, आत घेतला त्यापेक्षा बाहेर सोडायला जास्त वेळ. मग डोळे मिटून एक चढाई. पूर्ण तीस सेकंदांची, कारण खरी चढाई तेवढीच असते. दहा सेकंदांत उरकली तर ती कल्पना नव्हे, घाई. स्वतःला लांबून पाहायचं नाही. आपल्याच डोळ्यांतून समोरचे सात जण दिसायला हवेत. पायाखाली माती की मॅट, अंगाला घाम, बाहेरच्या पोरांचा गलका. उजवा पाय टेकला, मांडी आवळली गेली, वळलो, सुटलो. जिथे गुडघा मुरगळला होता ती जागा आली की पोटात गोळा येतो. तिथून पळायचं नाही. श्वास सोडायचा, चित्र मागे न्यायचं आणि तेच वळण नीट घ्यायचं. असं चार-पाच वेळा, दिवसातून एकदा-दोनदा. त्याच्या जोडीला टॉवेल दाबायचा खरा व्यायाम आहेच. मांडी आवळायच्या आधी ती आवळली जातेय असं मनात पाहायचं आणि मग हुकूम सोडायचा.

तालमीत वाढलेल्यांना हे ऐकून फारसं नवल वाटणार नाही. वस्ताद पोरांना हौद्याच्या कडेला बसवून दुसऱ्यांची कुस्ती पाहायला लावतात, ते उगाच नाही. पण आपल्या पूर्वजांना सगळं ठाऊक होतं, या थाटात मी शिरणार नाही. तालमीत दुखावलेल्या पोराला तेल चोळून आठवड्यात परत उतरवणारेही वस्तादच असतात.

महाराष्ट्रात या विषयाला भक्कम पाया घालणारा माणूस नाशिकचा होता. भीष्मराज बाम, भारतीय पोलीस सेवेतले अधिकारी, पुढे क्रीडा मानसशास्त्राचे मार्गदर्शक. योगातली एकाग्रता आणि नेमबाजीतली शिस्त यांची त्यांनी सांगड घातली, मराठीतून लिहिलं, अंजली भागवतपासून पुलेला गोपीचंदपर्यंत अनेकांना घडवताना हातभार लावला. २०१७ मध्ये ते गेले. यातल्या गोपीचंदची गोष्ट आपल्या विषयाच्या गाभ्यातली. १९९४ साली पुण्याच्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत दुहेरी खेळताना त्याच्या गुडघ्याचं लिगामेंट तुटलं. एकाहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या. मार्च २००१ मध्ये बर्मिंगहॅमला चेन हाँगला हरवून तो ऑल इंग्लंड विजेता झाला. मधली सात वर्षं त्याने बॅडमिंटन खेळत काढली, म्हणजे पुढे झेपावून एका पायावर थांबण्यात. जो पाय दगा देऊन गेला, त्यावरच दर रॅलीत पुन्हा विश्वास टाकायचा.

मराठवाड्यातलं ताजं नाव अविनाश साबळे. बीड जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा शेतकऱ्याचा मुलगा, महार रेजिमेंटचा जवान. जुलै २०२४ मध्ये पॅरिसच्या डायमंड लीगमध्ये त्याने तीन हजार मीटर स्टीपलचेस ८ मिनिटं ९.९१ सेकंदांत धावून राष्ट्रीय विक्रम केला आणि महिन्याभरात ऑलिंपिकची अंतिम फेरी गाठली. जुलै २०२५ मध्ये मोनॅकोच्या शर्यतीत तो पडला. एसीएल आणि गुडघ्यातली गादी दोन्ही दुखावले, शस्त्रक्रिया करावी लागली, टोकियोची जागतिक स्पर्धा हुकली. स्टीपलचेसमध्ये २८ कोरडे अडथळे आणि सात पाण्याचे. पाण्याच्या प्रत्येक अडथळ्यावर फळीवरून झेप घेऊन धावपटू ओल्या उतारावर एका पायाने उतरतो. एका शर्यतीत सात वेळा. अशा खेळात पुन्हा उतरायचं म्हणजे ग्राफ्ट भक्कम असून भागत नाही. पाय पाण्यात पडायच्या आधीच मांडी तयार आहे, याची खात्री शरीराला असावी लागते.

ही खात्री मोजताही येते. ऑस्ट्रेलियातल्या केट वेबस्टर आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये बारा प्रश्नांची एक पट्टी तयार केली. खेळताना गुडघ्याची धास्ती वाटते का, गुडघ्याचा विचार न करता खेळता येईल का, पुन्हा शस्त्रक्रिया आणि तो सगळा व्याप नशिबी येईल या विचाराने हात आखडतो का, अशा धर्तीचे साधे प्रश्न, प्रत्येकाला शंभरपैकी गुण. याच क्षेत्रातल्या क्लेअर आर्डर्न यांनी २०१४ मध्ये जगभरचे अभ्यास एकत्र करून पाहिले. शस्त्रक्रियेनंतर ८१ टक्के लोक कुठल्या ना कुठल्या खेळाकडे परतले, पण स्पर्धेच्या मैदानावर परतले फक्त ५५ टक्के. न परतलेल्यांतल्या बऱ्याच जणांचे गुडघे तपासणीत बरे होते. आडवी आली होती ती भीती.

पण भीती हा एकच शत्रू मानला तर फसगत होईल. हिंगोलीच्या पोरांची घाई वेगळी आहे. राज्य राखीव पोलीस दलाचा गट क्रमांक १२ इथे हिंगोलीतच आहे आणि भरतीची पहाटेची पळापळ जिल्ह्यातल्या कुठल्याही रस्त्यावर दिसते. राखीव दलाला पाच किलोमीटर, पोलीस शिपायाला सोळाशे मीटर. शिवाय सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण. इथे गुडघ्यावर नोकरी अवलंबून आहे आणि जाहिरात निघाली की पोरगा पाचव्या महिन्यातच गुडघ्याला पट्टा बांधून धावायला लागतो. धाव एकवेळ चालेल, पण संध्याकाळी तो कबड्डीलाही उतरतो. पंचवीस वर्षांखालचे जे खेळाडू शस्त्रक्रियेनंतर खेळाकडे परतले, त्यांतल्या २३ टक्क्यांचं एसीएल पुन्हा तुटलं, या पायाचं किंवा त्या. हा २०१६ मधला एकत्रित हिशेब. त्याच वर्षी नॉर्वे आणि अमेरिकेच्या संशोधकांनी दाखवलं की नऊ महिन्यांपर्यंत परतणं जितकं लांबवलं, त्या दर महिन्याला पुन्हा दुखापतीचं प्रमाण निम्म्याने कमी होत गेलं. मला विचाराल तर भ्यायलेल्या पोरापेक्षा मुळीच न भ्यायलेल्याची काळजी जास्त करावी. मनाचा सराव त्याला थांबायला शिकवण्यासाठीही हवा. 'नऊ महिने' हा डोंगर न दाखवता 'या आठवड्यात गुडघा पूर्ण सरळ, पुढच्यात काठीशिवाय जिना' अशी आठवड्याची गाठ मारून देणं, हे त्यातलं सगळ्यात साधं आणि सगळ्यात दुर्लक्षित काम.

शेवटच्या टप्प्यात शाळेतल्या क्रीडाशिक्षकांची जीभ फार उपयोगी पडते. "गुडघा सांभाळ, गुडघा वाकव" असं ओरडलं की लक्ष पुन्हा गुडघ्यावर जातं. "फक्कीच्या त्या रेषेवर अलगद उतर" म्हटलं की लक्ष रेषेवर जातं आणि गुडघा आपोआप जास्त वाकतो. आल्ली गोकेलर यांच्या प्रयोगात एका पायावरच्या उडीत नेमकं हेच दिसलं. मग त्यावर डोकं गुंतवायचं: उडी मारता मारता सर बोटं दाखवतील तो आकडा सांग, एका पायावर उभं राहून चेंडू झेल, मग चेंडूशिवाय डोळे मिटून तसाच उभा राहा. डोळ्यांना दुसरं काम दिलं की गुडघ्याला आपलं काम शिकावंच लागतं.

शस्त्रक्रियेनंतर खो-खोकडे परतणाऱ्या मुलीची तर खांब ही मोठी परीक्षा. पूर्ण वेगात येऊन खांबाला हात घालायचा आणि एका पायावर गर्रकन वळायचं. मुलींमध्ये एसीएल तुटण्याचा धोका मुलांपेक्षा बराच जास्त असतो, त्यामुळे इथे डोळे उघडे ठेवून पाहावं. सराव संपल्यावर सरांनी सहज विचारावं, "मघाशी खांबावर कुठल्या पायाने वळलीस गं?" तिने लगेच उजवा-डावा सांगितलं, तर पहारा अजून चालू आहे. तिला आठवावं लागलं, तर काम बरंच झालंय. फक्त कॅलेंडरात सातवाच महिना चालू असेल, तर उत्तर कितीही छान आलं तरी तिला सामन्यात उतरवायचं नाही, आणि तालुक्याच्या स्पर्धेसाठी मुख्याध्यापकांनी आग्रह धरला तर त्यांनाही तेच सांगायचं.